मॅडम आल्या की उभं राहायचं

“अगं बाई, दादा! उठू नकोस, उठू नकोस...!”

पण म्हणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. हातात चहाचा ट्रे घेऊन आत्या खोलीत पाऊल टाकते न टाकते तोच खिडकीजवळच्या खुर्चीतून दादा उठायला गेला, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून कुबडीचं टोक सरकलं आणि एवढा थोरला धिप्पाड माणूस धाडकन जमिनीवर आदळला! ट्रे कुठे गेला, कप कुठे गेले, आत्याला काही कळलं नाही. ती धावली, स्वयंपाकघरातून वहिनी धावली. दोघींनी काखेत हात घालून त्याला कसंबसं उचललं, खुर्चीत बसवलं... आणि खुर्चीला पाठ टेकताक्षणी त्या माणसानं काय करावं? पाठ ताठ केली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि समोर बघत म्हणाला, “माफ करा, मॅडम. तुमचा चहा सांडला.”

पडलेल्या माणसानं कळवळावं, ओरडावं, कुणाला तरी चार शिव्या घालाव्यात, पण माफी? आणि तीही स्वतःच्या पाठच्या बहिणीची?

“किती वेळा सांगितलं दादा, मला बघून उठत जाऊ नकोस म्हणून!”

“मॅडम आल्या की उभं राहायचं असतं.”

“अहो, पण घरात?” कपाचे तुकडे गोळा करता करता वहिनी करवादली. “धाकटी बहीण आहे ती तुमची! मॅडम कसली डोंबलाची!”

दादाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

नवख्या माणसाला या घराचा कारभार सांगितला तर तो पोट धरून हसेल. सख्खा थोरला भाऊ धाकट्या बहिणीला ‘अहो मॅडम’ म्हणतो आणि ती मात्र त्याला ‘अरे दादा’! ती जेवायला बसल्याशिवाय हा घास उचलणार नाही. ती दारातून आत गेल्याशिवाय हा बाहेर पडणार नाही. आणि ती खोलीत आली, की पाय असो नसो, हा कुबडी चाचपत, ओठ दाबत उभा राहणारच! शेजारीपाजारी म्हणायचे, काय हो दरारा बाईंचा! अख्खी गल्ली जिला नुसतं ‘आत्या’ म्हणते, तिच्यापुढे भाऊ थरथर कापतो! आत्याही त्यांच्याबरोबर हसायची. मग आत जाऊन नळ मोठा सोडायची आणि भांडी घासता घासता रडून घ्यायची.

कारण तिला ठाऊक होतं... निदान तिला तसं वाटत होतं... की हा मान नाही, ही शिक्षा आहे.

ते दोघंही सैन्यात होते. दादा आधी गेला, साधा जवान म्हणून, आणि अंगच्या हुशारीनं हवालदार झाला. त्याच्या मागोमाग नर्सिंग शिकून ती गेली, आणि सैन्याच्या रीतीप्रमाणे नर्स म्हणजे अधिकारी, तेव्हा ती थेट अधिकारीच झाली! केवढा आनंद झाला होता दादाला! लहानपणापासून तो तिला ‘बुटकी’ म्हणायचा. फळीवरचा डबा हाताला येईना म्हणून ती मुसमुसायला लागली, की हा खांद्यावर घेऊन तिला डब्यापर्यंत पोचवायचा आणि वर डब्यातला अर्धा खाऊ हमाली म्हणून वसूल करायचा. निवडीला निघाली तेव्हा स्टेशनपर्यंत सोडायला आला आणि कानात म्हणाला, “बुटके, उंची मोजताना टाचा उचलू नकोस हं, पकडतील!” ती निवडली गेल्याचं कळलं तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटला होता, “आमची बुटकी आता मला सॅल्यूट करायला लावणार!”

आणि मग युद्ध सुरू झालं. सीमेजवळच्या तंबूंच्या इस्पितळात, जखमींच्या त्या न संपणाऱ्या रांगेत, एका दुपारी एक स्ट्रेचर तिच्यासमोर ठेवलं गेलं, आणि त्यावर तिचा दादा होता. सुरुंगानं पायाचा चेंदामेंदा झाला होता, विष वर चढत चाललं होतं. सर्जन म्हणाले, पाय आत्ताच काढला तर माणूस वाचेल. दादा भानावर होता. भूल देणाऱ्यांना तो ढकलून देत होता, तोंडावरचा मास्क ओरबाडून काढत होता आणि व्याकूळ होऊन एकसारखा ओरडत होता, “बुटके! यांना थांबव! बुटके, तू माझी बहीण ना गं...!”

ती बहीणच होती. म्हणूनच त्या क्षणी ती बहीण राहिली नाही. कुठून तो आवाज आला कोण जाणे, पण कवायतीच्या मैदानावरचा आवाज तिच्या कंठातून फुटला, “हवालदार! हा हुकूम आहे. हात खाली!”

आणि त्याचे हात खाली गेले. इतकी वर्षं हुकूम पाळायला शिकलेले ते हात... तो नको नको म्हणत असताना, डोळ्यांतून धारा वाहत असताना, आपले आपण खाली गेले! ते खाली जाणारे हात आत्याला जन्मभर दिसत राहिले.

दादा वाचला. पण शुद्धीवर आला तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहून म्हटलं, “मॅडम.” आणि त्या दिवसापासून ‘बुटकी’ जी हरवली ती हरवलीच.

पुढे तिनं काय केलं ते लोकांना दिसलं, पण का केलं ते कुणाला कळलं नाही. कॅप्टन झाली होती, आणखी वर चढली असती; तिची वाट बघत थांबलेला एक भला डॉक्टर होता; ते सगळं सोडून ती या घरात आली. वहिनी बेकरीत नोकरीला जायची, पोर लहान, दादा अंथरुणाला खिळलेला आणि जगावर रुसलेला. आत्यानं गावातल्या प्रसूतिगृहात नोकरी धरली, पोर वाढवली, घर सावरलं, आपल्या आयुष्याचं काय झालं ते मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मनात एकच आस होती, की कधीतरी, मरायच्या आधी एकदा, दादा मला बुटके म्हणेल आणि मी समजेन की मला क्षमा झाली!

पण छे! दादा उभा राहत राहिला.

तो पडला त्याच आठवड्यात निमंत्रण आलं. गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार होणार होता, शाळेच्या मैदानावर. पत्रिकेवर दादाचं नाव होतं. आत्याचं नव्हतं. आत्याला त्याचं काहीच वाटलं नाही. पुतणीचा मात्र तिळपापड झाला. ही पुतणी गाडी चालवायला शिकवते, दिवसभर नवशिक्यांवर ओरडून तिचा आवाज असा खणखणीत झालाय, की समोरच्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. ती तशीच शाळेच्या ऑफिसात जाऊन थडकली. “माझे बाबा सैन्यात होते, आणि माझी आत्या काय तिथं सहलीला गेली होती?”

दुसऱ्या दिवशी कवायतीचे मास्तर स्वतः घरी आले. एकेकाळी तेही सैन्यात होते; सत्काराची सगळी मांडणी त्यांच्याकडे होती. बिचारे शरमून गेले होते.

“चूक झाली, मॅडम. नर्सेसचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पण आता सगळं रीतसर करू! कॅप्टन म्हणजे तुम्ही पुढच्या रांगेत. एकेक जवान तुमच्यासमोर येईल, अधिकाऱ्यांना सॅल्यूट करील आणि मग मानचिन्ह घेईल.”

एकेक जवान... म्हणजे दादासुद्धा! ज्या बहिणीनं पायाबरोबर त्याचं सारं काही हिरावून घेतलं, तिच्यासमोर साऱ्या गावादेखत त्यानं एका पायावर उभं राहायचं? घरातली शिक्षा आता चव्हाट्यावर न्यायची? नाही, नाही! हे तिच्या जिवात जीव असेपर्यंत होणार नव्हतं.

“माझं नाव काढून टाका, मास्तर,” ती हसून म्हणाली. हसू कसं आणलं तिचं तिलाच माहीत. “मी कुठे लढले? पट्ट्या बांधल्या झालं. सत्कार लढणाऱ्यांचा करा. दादाचा करा.”

“आत्या!” पुतणी ओरडली.

“तू मधे बोलू नकोस गं. गर्दीत माझं डोकं दुखतं.”

खिडकीजवळून कुबडीचा खट्ट आवाज झाला. दादा उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक.

“मॅडम येणार नसतील तर माझंही नाव काढा,” एवढंच म्हणून तो आत गेला, आणि दार लागलं.

मास्तर चहा न घेताच निघून गेले. त्या दिवसानंतर घरात कुणी कुणाशी धड बोलेना. वहिनी दोघांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत पोचवत फिरत होती आणि पुटपुटत होती, “दोघांनीही आयुष्यभर माझा जीव खाल्लाय!” आत्या मनाशी एकच म्हणत होती: मी बाजूला झाले तरी त्याला नकोच आहे. माझ्या हातचा त्यागसुद्धा त्याला नकोसा झालाय!

सत्काराची सकाळ उजाडली. न्हाणीघरात धुवायचे कपडे भिजवताना आत्याच्या हाताला एक मोजा लागला. दादा नकली पाय बसवण्याआधी गुडघ्याखाली उरलेल्या पायाच्या तुकड्यावर चढवायचा तो लोकरीचा मोजा. रक्तानं कडक झालेला. आत्याच्या लगेच ध्यानात आलं. पडला तेव्हा लागलं होतं! त्यावर तो रोज पाय चढवत होता, रोज तिच्यासाठी उभा राहत होता, आणि तोंडातून चकार शब्द नाही!

“मलाही बघू देत नाहीत,” वहिनी दारातून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. “तूच जा बाई. तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.”

आत्या मलमपट्टीचा डबा घेऊन खोलीत शिरली. नेहमीप्रमाणे दादाचा हात कुबडीकडे गेला. पण या वेळी आत्या जास्त चपळ निघाली. तिनं डबा खाली ठेवला, त्याच्यासमोर सरळ जमिनीवर बसकण मारली आणि त्याचे दोन्ही गुडघे घट्ट धरून ठेवले.

“आता ऊठ बघू! कसा उठतोस तेच बघते!”

दादा धडपडला, पण उठता येईना. शेवटी त्यानं नजर खिडकीकडे वळवली. आत्यानं मोजा अलगद उतरवला. जखम वाईट होती. तिनं ती धुतली, पुसली, मलम लावलं. इस्पितळातून घरी आल्यापासून तो पाय त्यानं तिला कधी पाहूही दिला नव्हता. तिची बोटं आपलं काम नेमकं करत होती आणि डोळे मात्र ऐकत नव्हते.

“दादा,” ती खालमानेनं म्हणाली, “तुला मला शिक्षा द्यायची तेवढी दे. घरात दे, रोज दे. मी कधी तक्रार केली का? पण आज तू जा रे. आज तुझा दिवस आहे. मी तिथं नसेन, तुला माझ्यासमोर उभं राहावं लागणार नाही. मी तुझा पाय घेतला, दादा... आता तुझा मान तरी नाही घेणार!”

तिनं वर पाहिलं. दादा तिच्याकडे बघत होता, चक्रावून गेल्यासारखा.

“पाय? तुम्ही घेतलात?” तो म्हणाला. “पाय त्या सुरुंगानं घेतला हो! तुम्ही जीव ठेवलात. तुम्ही तो हुकूम दिला नसता तर मी आज... या पोरीला मोठं होताना बघितलं असतं का मी? हे काय खूळ घेऊन बसलात डोक्यात!”

“मग ही शिक्षा कसली, दादा?”

“शिक्षा तुम्हाला नाही!” त्याचा आवाज फुटला. “शिक्षा माझी मलाच आहे! मी... त्या हुकुमाच्या आधी मी हात उचलला तुमच्यावर! भर वॉर्डात, पन्नास माणसांदेखत थोबाडीत मारली. सख्ख्या बहिणीला! आपल्या अधिकाऱ्याला! तुमची टोपी खाली पडली. मेट्रन धावत आल्या, कुणी मारलं म्हणून विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, औषधाच्या कपाटाचं दार लागलं. मी अजून पुरता गुंगीत गेलो नव्हतो, सगळं ऐकत होतो. तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी तुरुंगात गेलो असतो, वर्दीला काळिमा लागला असता. तुम्ही मला वाचवलंत, दोनदा! आणि मी... मला साधी माफी मागता आली नाही. तोंडानं मागता येईना म्हणून उभा राहून मागत राहिलो. रोज मागत राहिलो...”

आत्याच्या हातातली पट्टी हातातच राहिली.

“कुठली थोबाडीत, दादा?”

“म्हणजे?”

“मला नाही आठवत रे!”

आणि खरंच तिला आठवत नव्हतं. तिनं डोळे मिटून पाहिलं. तो तंबू दिसला, ते स्ट्रेचर दिसलं, खाली जाणारे ते हात दिसले... थोबाडीत मात्र काही केल्या दिसेना! “अरे, ऑपरेशनच्या आधी माणसं हातपाय झाडतातच! तेवढं लक्षात ठेवलं तर नर्सनं जगायचं कसं? एक सुभेदार तर मला कडकडून चावला होता!”

“चावला?” दादा ओरडला. “कोण? नाव काय त्याचं?”

त्याच्या डोळ्यांत थोरल्या भावाचा तो जुना संताप असा काही भडकला, की आत्याला एकदम हसू फुटलं. ती हसायला लागली आणि हसता हसता त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. “अरे वेड्या... वेड्या दादा! मला वाटायचं तू मला टोचतोयस! दर वेळी उभा राहून सांगतोयस, की बघ, बघ काय केलंस तू माझं! आणि तू माफी मागत होतास? या अशा पायावर... एवढी वर्षं...!”

दादाचा रुंद तळहात तिच्या केसांवर आला. पांढरे झालेले ते केस तो पहिल्यांदाच बघत असावा तसा कुरवाळत राहिला. “मला वाटायचं, तुम्ही माफ केलं नाही म्हणून तुम्ही माझ्या समोर कधी धड बसत नाही. आलात की चहा ठेवून पळता.”

“मी बसले की तू उभाच राहतोस, मग पळू नको तर काय करू!”

दारात उभ्या असलेल्या वहिनीनं पदर न शोधता सरळ हातानंच डोळे पुसले. “एका माळेचे मणी आहात दोघं!” ती म्हणाली. “ही म्हणते शिक्षा, ते म्हणतात माफी, आणि मी मूर्ख मधल्यामधे कप वेचतेय! आता आवरा. पोरगी गाडी घेऊन आली, की हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेईल.”

“मी येते, दादा,” आत्या म्हणाली. “पण तू मला नावानं हाक मार. लहानपणीच्या नावानं. एकदाच.”

दादानं तोंड उघडलं. “मॅ...” आणि थांबला. पुन्हा प्रयत्न केला. कपाळाला घाम आला. इतक्या वर्षांची सवय, जिभेला वळण पडलेलं! “होत नाही हो,” तो ओशाळून म्हणाला. “जरा सवड द्या.”

“दिली,” आत्या म्हणाली, आणि पट्टीची गाठ मारली. गाठ मारताना मनात खट्टू झाली थोडी, पण ते तिनं दाखवलं नाही.

मैदानावर मांडव घातला होता आणि खुर्च्या भरून गेल्या होत्या. मास्तरांनी दोघांची नावं काढलीच नव्हती, म्हणाले, “मला खात्री नव्हती, पण आशा होती.” सगळ्या माजी सैनिकांना टोप्या दिल्या होत्या. आत्याला ती मोठी झाली, कानांवर उतरत होती. पुढच्या रांगेत दोन म्हातारे अधिकारी आणि त्यांच्या शेजारी ती. एवढीशी, टोपीत बुडालेली. मागून पुतणीचा खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता, “ती माझी आत्या! कॅप्टन! पुढची, ती बारकी!”

दादाचं नाव शेवटी आलं. जखमेमुळे आज नकली पाय लावला नव्हता, पँटचा एक पाय वर दुमडून पिन केला होता. दोन कुबड्यांवर तो सावकाश पुढे आला. मास्तर हलकेच म्हणाले, “हवालदार, बसूनच करा, चालेल.”

दादानं मान हलवली. एक कुबडी मास्तरांच्या हातात दिली. दुसरीवर भार टाकून सरळ झाला, छाती पुढे आली, आणि उजवा हात असा कडक वर गेला, की ज्यांनी कधी वर्दी पाहिली नव्हती त्यांच्याही अंगावर काटा आला. त्या चेहऱ्यावर शरम नव्हती, अपराध नव्हता. तिथे नुसता अभिमान होता, ओसंडून वाहणारा!

आत्या उठली. उत्तर द्यायचं होतं. पण हात उचलला आणि समोरचं सगळं डोळ्यांतल्या पाण्यात विरघळून गेलं, हात अर्ध्यावर येऊन लोंबकळू लागला. सारं गाव बघत होतं. कॅप्टनला सॅल्यूट जमेना!

दादा तसाच ताठ उभा. डोळे समोर, हात टोपीला, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. फक्त ओठांच्या कोपऱ्यातून, तिच्या एकटीलाच ऐकू जाईल असं, तो हळूच म्हणाला,

“बुटके, कोपर वर.”

आणि तिनं कोपर वर केलं.